सत्यता कोष्टकाच्या तिसऱ्या ओळीबद्दल आभार

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

बी.ए.चा निकाल लागल्यावर पेढे घेऊन आलो, तेव्हा तुमच्या टेबलाभोवती प्रवेशाची गर्दी होती आणि मनात जुळवून आणलेली वाक्ये तशीच परत घेऊन मी घरी गेलो. समोर उभे राहून बोलणे मला आजही जमत नाही, म्हणून हे पत्र. ते उघडपणे लिहितो आहे, कारण ज्या प्रसंगाबद्दल लिहायचे आहे त्याच्या अगदी उलट प्रसंगही भर वर्गातच घडला होता.

तुमच्याकडे येण्यापूर्वी एक वर्ष मी दुसऱ्या एका महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकलो, खरे सांगायचे तर पाठ केले. 'जर-तर' विधानाचे सत्यता कोष्टक, म्हणजे त्याचे दोन भाग सत्य किंवा असत्य असताना पूर्ण विधान काय ठरते याचा तक्ता, फळ्यावर होते: सत्य, असत्य, सत्य, सत्य. तिसऱ्या ओळीवर माझे गाडे अडले. पूर्वांग (म्हणजे 'जर'चा भाग) असत्य, उत्तरांग (म्हणजे 'तर'चा भाग) सत्य, आणि तरीही पूर्ण विधान सत्य कसे, असे मी विचारले. उत्तर आले, "नियम आहे, लिहून घ्या." मी पुन्हा विचारले, तेव्हा मात्र विषय बदलला. "घरी तेलुगू बोलता ना? आधी मराठीतले जर-तर शिका." वर्ग हसला. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या घरात तेलुगू बोलतात हे खरेच आहे, फक्त त्याचा तिसऱ्या ओळीशी काय संबंध हे मला तेव्हा विचारता आले नाही. मुद्दा सोडून माणसावर घसरणे हा तर्कदोष मानला जातो आणि त्याची ओळख आम्हाला त्याच पुस्तकाच्या पुढच्या प्रकरणात होणार होती, हे नंतर कळले. ते प्रकरण यायच्या आत मी महाविद्यालय सोडले होते आणि वडिलांबरोबर मागावर जाऊ लागलो होतो.

दोन वर्षांनी तुमच्या वर्गात बसलो तेव्हा प्रश्न तोच होता, विचारण्याची हिंमत मात्र उरलेली नव्हती. तास संपता संपता तो तोंडून निसटला. तुम्ही खडू खाली ठेवलात, रुमालाला हात पुसलेत, पर्समधून हिरव्या पुठ्ठ्याची डायरी काढलीत आणि म्हणालात, "पुन्हा सांगा. सावकाश सांगा, लिहून घेते." मी सांगितले, तुम्ही लिहिलेत, मग मला वाचून दाखवलेत आणि विचारलेत, "असेच म्हणायचे आहे ना?" मी चाचरत म्हणालो, "'सत्य का असते' असे नाही मॅडम, 'सत्य का मानायचे' असे." तुम्ही 'असते' खोडून त्यावर 'मानायचे' लिहिलेत, खाली अर्धे पान कोरे सोडलेत आणि म्हणालात, "हा शब्द बदलल्याने प्रश्न बदलला. उत्तर आज देत नाही, सोमवारी देते."

मॅडम, पुढे तुम्ही मला पुस्तके दिलीत, फी भरायला मुदत मिळवून दिलीत, परीक्षेच्या आधी रविवारी घरी बोलावून शिकवलेत, आणि या सगळ्याचा मी ऋणी आहेच. पण माझे बोट धरले ते त्या खोडलेल्या शब्दाने. माझा प्रश्न कुणी जसाच्या तसा लिहून घ्यावा आणि तो नीट उतरला की नाही हे मलाच विचारावे, असे तोवर कधी झाले नव्हते.

सोमवारचे उत्तर आमच्या वर्गातला कोणीही विसरणार नाही. "उद्या नळाला पाणी आले तर मी मोटर लावीन," असे शेजारणीला सांगितले, असे समजा. ज्या शहरात पाण्यासाठी चार-चार, पाच-पाच दिवस थांबावे लागते, तिथे हे उदाहरण समजावून सांगावे लागत नाही. पाणी आले आणि मोटर लावली नाही, तरच शब्द मोडला. पाणी आलेच नाही आणि मोटर लावली, तर मोटर जळेल, शेजारी हसतील, पण मी खोटे बोलले असे कोणालाही म्हणता येणार नाही. ती जळालेली मोटर म्हणजेच तिसरी ओळ.

तिथेच थांबला असतात तरी मी खूश होतो. पण तुम्हीच पुढे म्हणालात की याने अर्धेच समाधान होते, कारण बोलण्यातल्या 'तर'मध्ये दोन गोष्टींचा काहीतरी संबंध गृहीत असतो आणि कोष्टकातल्या 'तर'ला त्या संबंधाशी देणेघेणे नसते. मेगाराच्या फिलो या ग्रीक तर्कज्ञाने सुमारे 2300 वर्षांपूर्वी 'जर-तर'ची हीच कोष्टकातली व्याख्या मांडली, आणि त्याचे गुरू डायोडोरस यांना ती पटली नव्हती. हा वाद इतका गाजला की कोणते जर-तर विधान सत्य यावर छपरावरचे कावळेसुद्धा काव-काव करतात, असे एका ग्रीक कवीने लिहून ठेवले. 1912 साली अमेरिकेतले तर्कशास्त्रज्ञ सी. आय. लुईस यांनी ही तिसरी ओळ आणि दोन्ही अंगे असत्य असलेली चौथी ओळ यांवर हरकत घेतली आणि पुढे अधिक कडक 'जर-तर' मांडला. म्हणजे ज्या प्रश्नावर वर्ग हसला होता, त्यावर गुरु-शिष्यांचे मतभेद होऊन गेले होते! त्या दिवशी बसमध्ये मी एकटाच हसत होतो.

वैधता तुम्ही शिकवलीत ती हुरड्यावर. सर्व चादरी गोड असतात. हुरडा ही चादर आहे. म्हणून हुरडा गोड असतो. दोन्ही आधारविधाने असत्य, निष्कर्ष मात्र सत्य, आणि युक्तिवाद वैध! आधारविधाने सत्य मानली तर निष्कर्ष असत्य असूच शकत नाही, एवढेच वैधता पाहते, हे मला त्या गोड चादरीमुळे कायमचे कळले. घरी वडिलांना 'तर'कडून उलटे 'जर'कडे जाण्याचा दोष समजावून सांगू लागलो. जेकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राच्या, पुठ्ठ्यात छिद्र असेल तर धागा उचलला जातो. धागा उचलला गेला. म्हणून छिद्र आहेच. वडील मागावरून नजर न काढता म्हणाले, "हुक अडकला असला तरी उचलतो की." उत्तरांग स्वीकारून पूर्वांग सिद्ध होत नाही, हे त्यांना तीस वर्षे माहीत होते, फक्त कोणी त्यांना त्याचे गुण दिले नव्हते.

तुमच्यासारखी, उत्तराची घाई न करता "मला पाहून सांगावे लागेल" असे म्हणणारी माणसे मला आता ओळखू येतात. औषधाच्या दुकानात चिठ्ठीवरचे अक्षर लागले नाही तर डॉक्टरांना फोन लावणारा एक मुलगा आहे, आणि मीटरचा आकडा पुन्हा वाचायला दुसऱ्या दिवशी स्वतःहून परत आलेला एक कर्मचारीही मी पाहिला आहे. अशी माणसे मोठ्या आवाजात बोलत नाहीत, त्यामुळे ती थोडी आहेत असे वाटते. पण वाटणे हे आधारविधान नव्हे, हेही तुमच्याच वर्गातले.

एक कबुली देतो. तिसऱ्या ओळीबद्दल माझे पूर्ण समाधान अजून झालेले नाही. त्या हिरव्या डायरीत माझ्या प्रश्नाखालचे अर्धे पान अजून कोरे असेल, तर त्यावर बोलायला एकदा घरी येईन म्हणतो. आईने तुमच्यासाठी शेंगाचटणी कुटून ठेवली आहे. तुमच्याकडे पाणी कधी सुटते तेवढे कळवा, तो दिवस सोडून येतो.

आपला विद्यार्थी,
पूर्व भाग, सोलापूर