गोदाईच्या बुडाचा रंग

नांदेड
दिवाळीनंतरचा रविवार

दत्ता,

नानांनी बांधलेली आपली रिमोटची होडी, गोदाई, माळ्यावरून खाली काढली आणि बघितलं तर तिच्या बुडाचा रंग फुगून सुटलाय. फोनवर सांगितलं असतं तर तू "मग मार की पुन्हा" म्हणून ठेवून दिला असतास, आणि रात्री अकराला परत फोन लावून भांडला असतास. म्हणून लिहायलोय. नानांच्या हातचा रंग खरवडायचा आहे. तुला विचारल्याशिवाय मी तिला पॉलिश पेपर लावणार नाही.

इकडं सगळे बरे. आईचा गुडघा आहे तसाच आहे.

झालं असं. बंट्यानं पावसाळ्यात तिला विष्णुपुरीला, शंकरसागरात सोडली. जलपर्णीची मुळं पंख्याला गुंडाळली आणि शाफ्ट, म्हणजे मोटारीपासून पंख्यापर्यंतचा दांडा, जाम झाला. नानांनी बॅटरीच्या वायरीत बसवलेला पंधरा अँपिअरचा गाडीचा फ्यूज उडाला, म्हणून मोटार वाचली. पंखा अडकला की मोटार फिरत नाही पण करंट ओढत राहते, आणि मिनिटभरात मोटार किंवा स्पीड कंट्रोलर यांपैकी एकाची राख होते. मासे धरणाऱ्या एका मामांनी होडी काठाला आणून दिली. पोरानं वरून छान पुसली, झाकण लावलं आणि ठेवून दिली. आतलं पाणी आतच राहिलं.

आता ते पाणी आलं कुठून, हे तुला सांगायला नको, पण सांगतोच, कारण यावरून आपलं भांडण आहे. शाफ्टच्या नळीचं आतलं टोक पाण्याच्या पातळीच्या वर असेल तर ग्रीस संपलं तरी होडीत पाणी चढत नाही. गोदाईचं टोक खाली आहे. मोटार बुडाशी बसवायची म्हणून नानांनी तसं ठेवलं. म्हणजे तिचा सगळा जीव त्या नळीतल्या ग्रीसवर. मी शाफ्ट काढला तर ग्रीस दुधासारखं पांढरं. पांढरं झालं म्हणजे त्यात पाणी मिसळलं. आणि नळीच्या मागच्या अर्ध्या भागात ग्रीसच नव्हतं, तुझं ते शिलाई मशीनचं तेल होतं! गड्या, बारीक, जोरात फिरणाऱ्या शाफ्टला तेल चालतं, तिथं घट्ट ग्रीसनं वेग मरतो. पण ही टग आहे, जहाजं ओढणाऱ्या बोटीची नक्कल, चार मिलिमीटरचा शाफ्ट, पन्नास मिलिमीटरचा पितळी पंखा, सावकाश चालणारी. इथं तेल पहिल्या फेरीतच नदीला अर्पण होतं. तेवढं तेल देवापुढच्या दिव्यात घातलं असतंस तर पुण्य तरी लागलं असतं.

नळी रॉकेलनं धुतली, तारेला चिंधी बांधून आरपार काढली, वाळवली. शाफ्ट काचेवर लोळवून बघितला, सरळ आहे. बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती पितळी बाही, मात्र मागच्या बाजूचा झिजलाय, पंखा धरून हलवला की हाताला खळखळ लागते. त्याचं मूळ मोटार आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगमध्ये आहे. मोटार आणि शाफ्ट एका रेषेत नाहीत, त्यामुळे शाफ्ट सतत एकीकडे ओढला जातो आणि बुश लंबगोल होतो. नवा बुश बसवण्याआधी मोटारीखाली पातळ पट्ट्या सरकवून रेष जुळवावी लागेल, नाहीतर तोही वर्षभरात जाईल. मग मागून ग्रीस बाहेर येईपर्यंत भरायचं, आणि पंख्याचा नट आवळताना नळीशी अर्धा मिलिमीटर फट ठेवायची. हे सगळं जमेल. याची काळजी नाही.

काळजी रंगाची आहे. नानांनी बुडाला नुसतं रेड ऑक्साइड मारलं होतं, आठवतं? वर काहीच नाही. त्यांना तो मातकट तांबडा रंगच आवडायचा, खऱ्या जहाजासारखा. पण रेड ऑक्साइड हा अस्तराचा रंग. तो सच्छिद्र असतो, वरचा थर पकडावा म्हणूनच तो तसा केलेला असतो. पाण्यात तासभर जाऊन लगेच वाळली तर काही होत नाही, आणि नाना लगेच वाळवायचे. या वेळी मात्र आतून लाकूड भिजलं, प्लाय फुगला, आणि रंगाला आतल्या अंगानं ढकललं. त्यामुळे बाहेरून डाग भरून भागणार नाही. आतून लाकूड बंद केल्याशिवाय कोणताही रंग टिकायचा नाही.

सध्या ती छताच्या पंख्याखाली सावलीत आहे, झाकणं उघडी, बॅटरी काढलेली. उन्हात ठेवली तर वाळेल लवकर, पण जोड उलतील. रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करतोय. वजन उतरायचं थांबलं की वाळली असं समजायचं, हात लावून ते कळत नाही. मग आत इपॉक्सी, दोन भाग मिसळून घट्ट होणारा लेप. पाच मिनिटांत जमणारं नाही, सावकाश जमणारं, कारण झटपट जमणारं पाण्यात तितकं टिकत नाही. रेझिन आणि हार्डनर काट्यावर मोजून. लाकूड हेअर ड्रायरनं आधी कोमट करायचं, रेझिन लावायचं आणि थंड होऊ द्यायचं. थंड होताना लाकडातली हवा आकसते आणि रेझिन आत ओढलं जातं. जमल्यावर वर मेणचट थर येतो, तो साध्या पाण्यानं आणि घासणीनं धुऊनच पेपर मारायचा. तो राहिला तर वरचा रंग धरत नाही.

आता मुख्य गोष्ट. मागच्या बाजूचं नाव. "गोदाई", पिवळ्या इनॅमलनं, एक नंबरच्या ब्रशनं, आणि त्या "ई"ची शेपटी नानांनी सुकाणूपर्यंत नेलेली. फुगे नावाच्या खाली दोन बोटांवर थांबलेत, एक सोडून. तो एक बरोबर "ई"च्या खाली आहे, ज्वारीच्या दाण्याएवढा. त्याला खरवडलं तर "ई" जाते.

म्हणून असं ठरवलंय, तू होय म्हण. नावाशेजारी पट्टी ठेवून फोटो काढलेत, ट्रेसिंगही घेतलंय. नावाभोवती बोटभर जागा सोडून टेप लावणार, त्याच्या बाहेरचा रंग काढणार. फुगा बारीक सुईनं कडेला टोचून, इन्सुलिनच्या सिरिंजनं कोमट इपॉक्सी आत सोडणार, वर प्लॅस्टिकचा कागद आणि लाकडाची चकती ठेवून रात्रभर दाबून ठेवणार. लाकूड पूर्ण वाळल्याशिवाय हे करायचं नाही, नाहीतर ओल आतच कोंडते. आणि नावाजवळ एनसी थिनर, म्हणजे लॅकर पातळ करायचं जहाल द्रव, त्याचा थेंबही नको. नाव इनॅमलचं आहे, त्यावर एनसी पडलं की सुरकुत्या येतात. म्हणजे टर्पेंटाइनमध्ये पातळ होणाराच रंग. स्प्रेगन की ब्रश यावर आपण किती घसा कोरडा केलाय! या वेळी बुडाला ब्रश, तुझ्या मनासारखं. पातळ दोन हात, मध्ये सहाशे नंबरचा वॉटर पेपर.

पाण्याची रेष नव्यानं काढावी लागेल. टबमध्ये बॅटरी, रिसीव्हर, सगळं घालून तरंगवायची, पुढे, मागे आणि दोन्ही कडांना खूण करायची, मग टेबलावर त्याच खुणांना पातळीत बसवून, ठोकळ्यावर टेकवलेल्या पेन्सिलीनं रेष फिरवायची. यासाठीच लिथियम बॅटरी नको म्हणतोय, रागावू नकोस. ती बारा व्होल्टची यूपीएसची बॅटरी दोन किलोच्या वर आहे आणि तेच होडीचं वजन आहे. लिथियम घातली तर तेवढं शिसं भरावं लागेल, नाहीतर होडी वर उचलेल, पंखा अर्धा हवेत, आणि नानांची तांबडी पट्टी पाण्याबाहेर. जुनी बॅटरी मात्र गेली. रिकामी ठेवली की शिशाची बॅटरी मरतेच. नवी आणतो, आणि दोन महिन्यांनी चार्ज करायचं काम बंट्याकडे. त्यालाच रिमोट बंद करून फेलसेफ तपासायला शिकवलंय. सिग्नल तुटला की मोटार थांबली पाहिजे. अँटेनाची टोकं वर, केबिनमध्ये नेलीत. पाणी सिग्नल गिळतं, हे त्याला पटलंय. आता तो कॉलनीतल्या पोरांना टेस्लाच्या १८९८ सालच्या रेडिओवर चालणाऱ्या बोटीची गोष्ट सांगायलाय, अगदी नानांच्या थाटात, हातवारे करून.

वहिनींची नवी नोकरी कशी? चिऊची दहावी ना यंदा? तिला गणितापेक्षा झोपेची गरज आहे, माझं नाव सांग.

मला दोनच गोष्टींचं उत्तर दे. बुडाला रेड ऑक्साइडच ठेवून, ते नीट पिकल्यावर वर मॅट वार्निशचे दोन हात द्यायचे, की त्याच छटेचं इनॅमल मिसळून घ्यायचं? वार्निशनं रंग थोडा गडद होईल, पण खाली नानांचाच रंग असेल. माझं मन वार्निशकडे आहे. आणि सिरिंज तू धरणार का मी? तुझा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. थंडीची हवा कोरडी आहे तोवर रंग बसतो. उन्हाळ्यात ब्रश उचलायच्या आत रंग ओढायला लागतो, हे तुला ठाऊक आहे. संक्रांतीच्या आधी एक शनिवार-रविवार काढ. येताना पुण्याहून चार मिलिमीटरचे पितळी बुश दोन आण, इथं मिळेनात.

तुझा,
मध्या