एकच ट्रॅक्टर, तीन आराखडे

विश्रामबाग, सांगली
14 मे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या कराड पालिकेच्या आपत्ती आराखड्याचा मसुदा वाचला. पूर, आग आणि साथ अशी तीन प्रकरणं केली आहेस. एकेक सुटं वाचलं तर खोट काढायला जागा नाही. पण तिन्ही परिशिष्टं शेजारीशेजारी ठेवून बघ. पुराच्या यादीत 4 ट्रॅक्टर, साथीच्या यादीत वस्त्यांवर पाणी पोचवायला 4 ट्रॅक्टर, आगीच्या यादीत ढिगारा हलवायला परत 4. हे 12 नाहीत रे, तेच 4 आहेत. जी शाळा पुरात निवारा केंद्र, तीच साथीत विलगीकरण कक्ष. जो आरोग्य निरीक्षक निवारा केंद्राचा प्रमुख, तोच घरोघर सर्वेक्षणाचाही प्रमुख. संकटं रांगेत उभी राहून एकेक आत येतील असं धरलं की आराखडा कागदावर छान बसतो. कृष्णाकाठी ती तशी येत नाहीत.

2021 चा जुलै आठव. इथं सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45, आणि पाणी जवळपास 55 फुटांवर गेलं होतं. कोरोनाची दुसरी लाट जिल्ह्यातून पुरती ओसरलेली नव्हती. सकाळी ज्यांना ‘गर्दी करू नका’ म्हणायचं, त्यांनाच दुपारी एका सभागृहात आणून बसवायचं. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा साथ नव्हती, पण महामार्ग कोल्हापूरजवळ पाण्याखाली होता. म्हणजे जनित्राचं डिझेल, दवाखान्याचा ऑक्सिजन, बाहेरून येणारं बचाव पथक हे सगळं एकाच रस्त्याच्या भरवशावर. दुसरं संकट बहुतेक वेळा पहिल्याच्या पोटातून येतं. नदीतून पाणी उपसणाऱ्या जॅकवेलचा विजेचा पॅनेल बुडतो, नळ बंद होतो, टँकर निघतात, टँकरचं पाणी नीट शुद्ध होत नाही आणि आठवड्याने जुलाबाचे रुग्ण दिसू लागतात. त्या रुग्णांचं कारण शोधायला साथीचं प्रकरण उघडून उपयोग नाही, ते पुराच्या प्रकरणात आहे.

म्हणून आधी संकटवार याद्या फाडून टाक आणि साधनवार एकच यादी कर. प्रत्येक वाहनापुढे, पंपापुढे, बोटीपुढे एवढंच लिही: रोज कुठं उभं असतं, चालवणारा कोण, तो कुठल्या वॉर्डात राहतो, टाकी भरल्यावर किती तास चालतं, आणि नदी कुठल्या पातळीला गेली की ते तिथून बाहेर काढता येणार नाही. शेवटचा रकाना सगळे विसरतात. सांगलीत सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर या भागांत पाणी पहिल्यांदा शिरतं, तेही नदी काठावरून उसळून नाही, तर नाल्यांतून उलटं फिरून. शहराचा बाकी भाग कोरडा असताना तिथं राहणारा चालक घर हलवण्यात अडकलेला असतो. हजेरीपटावर 40 नावं असली तरी धोका पातळी ओलांडल्यावर किती माणसं कामावर पोचू शकतात, हा आकडा वेगळा काढ आणि आराखडा त्याच आकड्यावर बेत.

तुमच्या कराडला कोयनेचा विसर्ग आमच्या आधी पोचतो, त्यामुळे तुला हाताशी तास कमी. कोयना पूल आणि कृष्णा पूल दोन्हींची पातळी एकाच पाटीवर लाव. आम्ही कराड, बहे, ताकारी, भिलवडी, आयर्विन, अंकली अशी साखळी बघतो. खाली हरिपूरला वारणा मिळते, पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा. म्हणून कोयनेचे दरवाजे खाली आले तरी फुगवट्यामुळे आमचं पाणी लगेच उतरत नाही. (खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे फुगवटा येतो की नाही, यावर वाद घालायला नोव्हेंबर ते मे एवढा वेळ असतो. जुलैत नियंत्रण कक्षात तो विषय काढणाऱ्याला चहा आणायला पाठवावं.)

आता हुकूम कुणाचा, हा प्रश्न. जिल्ह्यात जिल्हाधिकारी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष, शहरात मुख्याधिकारी, इथपर्यंत कायदा स्पष्ट आहे. घोळ त्याच्या खाली होतो. पूर चालू असताना औद्योगिक वसाहतीत आग लागली की पुराचा प्रमुखच आगीकडे धावतो आणि दोन्हीकडे अर्धाअर्धा राहतो. नियम असा ठेव: प्रत्येक संकटाला स्वतंत्र प्रमुख, पण साधनांचं भांडार सगळ्यांना मिळून एकच. प्रमुखांनी मागणी करायची, परस्पर वाहन वळवायचं नाही. वाटप करणारा भांडारप्रमुख आणि त्याच्या वर अग्रक्रम ठरवणारा एकच माणूस. तो माणूस फिल्डवर जाणार नाही, हे लेखी असू दे. नेत्यांचे फोनही त्याच्याकडे न जाता दुसऱ्याकडे जातील अशी सोय कर, नाहीतर अग्रक्रम ठरवायला त्याला वेळच मिळणार नाही.

आणि राखीव साठा. एक अग्निशमन गाडी, एक बोट, एक रुग्णवाहिका, एक पंप पहिल्या संकटाला द्यायचाच नाही, कितीही आरडाओरडा झाला तरी. लोक म्हणतील, माणसं अडकलीत आणि बोट उभी ठेवलीय. हे ऐकून घ्यावं लागतं. सगळं बाहेर काढलेल्या शहराकडे दुसऱ्या फोनला द्यायला उत्तर नसतं. शिवाय पाण्याने गावाचे दोन तुकडे होणार असतील तर रस्ता बंद व्हायच्या आधी गाड्या दोन्ही बाजूंना वाटून ठेव. आमच्याकडे नदीपलीकडची सांगलवाडी हे त्याचं ठळक उदाहरण.

आगीच्या गाडीत साधारण 4,500 लिटर पाणी असतं. मिनिटाला 2,000 लिटर या वेगाने सोडलं तर सव्वादोन मिनिटांत गाडी रिकामी. पुराच्या वेळी आजूबाजूला पाणीच पाणी, पण ते गाडीच्या सक्शन नळीने ओढून घेतलं की पालापाचोळा आणि प्लॅस्टिकने नळीची जाळी तुंबते. वेताची किंवा तारेची टोपली जाळीवर चढवून ती गाडीतच ठेवायला सांग. पुरातल्या आगी बहुधा पूर उतरताना लागतात: ओलं वायरिंग, आणि वीज परत सोडायची घाई. महावितरणच्या माणसाला नियंत्रण कक्षात खुर्ची दे आणि फीडर, म्हणजे एकेका भागाला वीज देणारी लाइन, चालू करण्याआधी त्या भागातल्या वॉर्ड निरीक्षकाची लेखी संमती लागेल असं ठरवून घे. बुडालेली मोटार तर वाळवून, मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावून मगच. 440 व्होल्टच्या मोटारीचं इन्सुलेशन दीड मेगाओमच्या खाली असेल तर बटण दाबायचं नाही. एका तासाच्या घाईत वाइंडिंग जळतं आणि मग चार दिवस पाणी नाही.

पाण्याचं जरा सविस्तर लिहितो, कारण जोडसंकटाची गाठ इथंच असते. नळ बंद पडला की लाइनमधला दाब जातो आणि गळतीच्या जागेतून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. पुरवठा पूर्ववत झाला अशी बातमी जाते त्या दिवशी नळाला येणारं पहिलं पाणी सगळ्यांत वाईट. आधी लाइनच्या शेवटच्या टोकांचे वॉशआउट (घाण पाणी बाहेर सोडायचे व्हॉल्व्ह) उघडायचे, क्लोरीनचा डोस वाढवायचा, आणि लोकांना पहिलं पाणी सांडून द्यायला सांगायचं. हे सांगायचं काम घंटागाडीच्या भोंग्यावर सोपव. मोबाइल चार्ज नसलेल्या घरात मेसेज पोचत नाही.

टँकरचा हिशेब असा. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर नवी असताना 33 टक्के क्लोरीन देते, पण पावसाळी गोदामात ती झपाट्याने उतरते, म्हणून 25 टक्के धर. 10,000 लिटरच्या टँकरला लिटरमागे 2 मिलिग्रॅम डोस द्यायचा तर 20 ग्रॅम क्लोरीन, म्हणजे 80 ग्रॅम पावडर. ती बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी टँकर भरत असतानाच ओतायची आणि अर्धा तास थांबायचं. चुकतं कुठं, तर भरलेल्या टँकरमध्ये कोरडी पावडर वरून टाकतात, ती तळाला बसते. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळच खाऊन टाकतो, आधी तुरटी लागते. आणि शिल्लक क्लोरीन तपासणारी ओटी टेस्ट टँकर भरण्याच्या जागी करतात. ती शेवटच्या माणसाच्या हंड्यात करायची. तिथं एरवी 0.2 मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन चालतो, संकटात 0.5 हवा.

शुद्धीकरण केंद्रात गॅस क्लोरीनचे 900 किलोचे टोनर (मोठे आडवे सिलिंडर) असतील तर ते स्वतःच एक संकट आहेत. भरलेला टोनर जागचा हलत नाही, पण रिकामा तरंगू शकतो आणि आपटून त्याचा व्हॉल्व्ह तुटू शकतो. रिकामा म्हणतात त्यातही थोडा वायू असतोच. जून उजाडायच्या आत सगळे साखळीने बांध. गळती झालीच तर त्यावर पाणी मारू नका. ओला क्लोरीन धातू खातो आणि भोक मोठं होतं. शक्य असेल तर टोनर असा फिरवायचा की गळकी जागा वर येईल, म्हणजे द्रवाऐवजी वायू बाहेर पडतो. एका लिटर द्रवाचा साधारण 450 लिटर वायू होतो. हे काम श्वसनयंत्र लावलेल्या प्रशिक्षित माणसांचंच. हा वायू हवेपेक्षा अडीचपट जड, खोलगट भागात साचतो, म्हणून लोकांना वाऱ्याच्या उलट दिशेला आणि उंचावर न्यायचं. आता बघ, पुरातलं निवारा केंद्र या शुद्धीकरण केंद्राच्या खालच्या अंगाला असेल तर तुझ्या दोन आराखड्यांची तिथं टक्कर होते. नकाशावर दोन्ही एकत्र काढल्याशिवाय हे दिसत नाही.

निवारा केंद्रांची क्षमता मसुद्यात फार फुगवली आहेस. माणशी साडेतीन चौरस मीटर जागा धरली तर 45 चौरस मीटरच्या वर्गात 12 ते 13 माणसं बसतात, 40 नाहीत. 600 लोकांना 47 वर्ग लागतील. 20 माणसांमागे एक शौचालय धरलं तर 30. माणशी 15 लिटर पाणी, म्हणजे दिवसाला 9,000 लिटर, एक टँकर पुरतो. साथ चालू असेल तर दारातच ताप, खोकला आणि जुलाब विचारायचे, आणि दोन खोल्या स्वतंत्र शौचालयासह आधीपासून रिकाम्या ठेवायच्या. लोक आल्यावर त्या रिकाम्या करता येत नाहीत. जनावरांची सोय जवळपास नसेल तर माणूस घर सोडत नाही, हे तुला सांगायला नको. पाण्यात काम करणाऱ्या सफाई कामगारांना गमबूट आधी दे, भाषणं नंतर. पायाला जखम आणि साचलेलं पाणी एकत्र आलं की लेप्टोस्पायरोसिस या तापाचा धोका. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या कुणाला द्यायच्या ते डॉक्टर ठरवतील. लहान मुलं आणि गरोदर बायकांना त्या सरसकट वाटायच्या नसतात.

दवाखान्यांकडून दोनच आकडे रोज घ्यायचे: ऑक्सिजन किती तासांचा आणि जनित्राचं डिझेल किती तासांचं. ऑक्सिजनचा जंबो सिलिंडर सुमारे 7,000 लिटरचा. मिनिटाला 10 लिटर घेणाऱ्या रुग्णाला तो साडेअकरा तास जातो, 60 लिटरवाल्याला दोन तासही नाही. 125 केव्हीएचं जनित्र तीन चतुर्थांश भारावर तासाला 20 लिटरच्या आसपास डिझेल पितं, म्हणजे दिवसाला अडीच बॅरल. ‘बॅकअप आहे’ असं उत्तर घेऊ नकोस, किती तासांचा ते विचार. आणि जनित्र तळघरात आहे का, तेही.

बोटींबद्दल थोडक्यात. ब्रह्मनाळला 8 ऑगस्ट 2019 ला जादा माणसं भरलेली बोट उलटून काय झालं ते तुला माहीत आहे. क्षमतेपेक्षा जास्त माणसं चढू न देणारा एक दणकट माणूस काठावर लागतो, बोटीत नाही. टू-स्ट्रोक ओबीएमला (बोटीच्या मागच्या इंजिनाला) पेट्रोलमध्ये लिटरमागे 20 मिली ऑइल. लहान मुलांच्या मापाची जॅकेटं वेगळी मागव. गल्लीत बोट नेताना विजेच्या तारा डोक्याच्या उंचीवर येतात, म्हणून फीडर बंद असल्याची खात्री आधी.

उपसा पंपाचं एकच सांगतो. पाणी ज्या नाल्यातून आलं त्याच नाल्यात सोडलं तर तेच पाणी गोल फिरत राहतं आणि डिझेल जळतं. आधी नाल्याचं तोंड बंद, मग उपसा. सक्शन सात मीटरपेक्षा खोल चालत नाही, त्यामुळे पंप पाण्याजवळ न्यावा लागतो, आणि पाणी वाढलं की तो परत मागे ओढायला दोन माणसं तिथं हवीत.

फोनचं म्हणशील तर 101, 108, 112 आणि 1077 यांवर येणारी एकच घटना चार वेळा नोंदली जाते आणि चार गाड्या निघतात. नोंदवही एकच ठेव: वेळ, जागा, खूण, किती माणसं, कुणाला सांगितलं, तो पोचला का. शेवटचा रकाना रिकामा राहिला की अर्ध्या तासाने परत फोन. पाळ्या आठ तासांच्या लाव, बारांच्या नको. तिसऱ्या दिवशी बारा तासवाला माणूस चुकीच्या गल्लीचं नाव लिहितो. पाळी बदलताना अर्धा तास दोघं एकत्र बसलेच पाहिजेत.

सराव घेशील तेव्हा पुराचा वेगळा, आगीचा वेगळा असा घेऊ नकोस. पुराचा सराव चालू असताना मध्येच चिठ्ठी दे, की क्लोरीन गळतोय. त्यानंतर वीस मिनिटांनी दुसरी, की दवाखान्याचं जनित्र बंद पडलं. भांडारप्रमुख कुठलं वाहन कुठून काढतो ते बघ. साधनवार यादी झाली की मला पाठव. चालकांच्या पत्त्यांचा रकाना मी आधी वाचणार आहे. 1 जूनला तुझा नियंत्रण कक्ष सुरू होईल, त्याआधी पाठव.

वहिनींना नमस्कार. चिरंजीवांची परीक्षा कशी गेली ते कळव.

तुझाच,
विनायक