परवान्याची चढण

महोदय,

नेपाळने सप्टेंबर २०२५ पासून वसंत ऋतूतील एव्हरेस्टचे परवाना शुल्क परदेशी गिर्यारोहकांसाठी ११,००० वरून १५,००० डॉलर केले, आणि तेथे आपण भारतीयही परदेशीच ठरतो. पहाटे पाठीवर वाळूची पिशवी घेऊन अजिंक्यतारा चढणाऱ्या आमच्या मुलांनी एवढी रक्कम वर्गणीतून कशी उभी करावी? मात्र पैशापेक्षा कागदच अधिक दमवतात. हिमाचलातील एका शिखरासाठी केलेला आमचा अर्ज, वैद्यकीय दाखल्यावरील शिक्का पुसट असल्याच्या कारणावरून, निघायला नऊ दिवस उरले असताना परत आला. रेल्वेची तिकिटे तेव्हा केव्हाच काढून झाली होती. शिखर चढाईला परवानगी देणारी इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशन ही संस्था, वन विभाग आणि सीमाभागात जाण्यासाठी लागणारा इनर लाइन परवाना यांसाठी एकच अर्ज घेतला जावा आणि त्यातील त्रुटी पहिल्याच आठवड्यात कळवल्या जाव्यात.

– एक गिर्यारोहक, सातारा