ठकी कुठल्या रकान्यात?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रेबीजची लस न दिलेल्या कुत्र्याला पाळण्याचा परवाना नको, असं सांगणारा कालचा ‘लस नाही, तर परवाना नाही’ हा अग्रलेख सकाळी वाचला. राग रात्रीपर्यंत उतरला नाही, म्हणून लिहिते आहे. कुत्र्याला लस देऊ नये अशी पशुवैद्याची चिठ्ठी घेऊन येणाऱ्यांना आपण ‘सबबी सांगणारे’ म्हटलं आहे. मी त्यातलीच एक.

आधीच सांगते, मी लसविरोधी नाही. लहानपणी आमच्या वाड्यात पिसाळलेलं कुत्रं चावलेला गडी पाहिला आहे, पाण्याचा तांब्या पुढे केला की घसा आवळायचा त्याचा. एकदा लक्षणं दिसली की संपलंच. त्यामुळे आमच्या कुत्रीला, ठकीला, दहा वर्षं न चुकता लस दिली, तारखा पुस्तिकेत आहेत.

गेल्या पावसाळ्यात तिचंच शरीर तिच्या तांबड्या पेशी मारायला लागलं. हिरड्या पांढऱ्याफटक. रक्त चढवावं लागलं, स्टेरॉइड अजून चालू आहेत. हे लसीने झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही. औषधांनी कशीबशी शांत केलेली प्रतिकारशक्ती यंदा डिवचायला नको, एवढंच त्यांनी लेटरहेडवर लिहून दिलं.

परवान्याच्या खिडकीतल्या गृहस्थांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, “मॅडम, हे कुठल्या रकान्यात भरू?” त्यांचा काय दोष? रकानाच नव्हता. कहर पुढेच झाला. दुसऱ्या एका दवाखान्यातला मदतनीस हळूच म्हणाला, “सुई नकोच द्यायला. बाटलीवरचं स्टिकर पुस्तिकेत चिकटवतो, शिक्का मारतो. पाचशे द्या.” म्हणजे खरं सांगितलं तर परवाना नाही, खोटं चिकटवलं तर लगेच! उद्या ती कुणाला चावली तर ती माणसं पुस्तिका बघून निर्धास्त घरी जाणार. आपल्या कडक अग्रलेखाला हे दिसलं नाही.

माझी भाची कॅलिफोर्नियात असते. तिथे लसीने कुत्र्याच्या जिवाला धोका आहे असं पशुवैद्याने दरवर्षी लेखी द्यायचं आणि ते आरोग्य अधिकाऱ्याने मंजूर करायचं, अशी कायद्यातच सोय आहे. पण कुत्रं लस न दिलेलंच धरतात. मालकाने जोखीम मान्य असल्याची सही द्यायची. अधिकाऱ्याला वाटलं तर कुत्रं घरातच ठेवायचं, बाहेर नेलं तर सहा फुटांच्या आतला पट्टा मोठ्या माणसाच्या हातात, आणि लस न झालेल्या कुत्र्या-मांजरांशी गाठ नको. सवलत कसली, जाचच आहे. मी आनंदाने सोसेन. ठकी हल्ली सहा फूट चालली तरी आम्ही पेढे वाटू.

जाता जाता. त्याच अग्रलेखात ‘पोटातली चौदा इंजेक्शनं’ कुठून आली? ती केव्हाच इतिहासजमा झाली. आता कुत्रं चावलेल्या माणसाला लस दंडात देतात, चाव्यातून रक्त आलं असेल तर जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही (विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडं) टोचतात. आपल्या चौदांना घाबरून कुणी जखमेवर मिरची-चुना लावून घरी बसलं, तर ती सबब कुणाची? साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली जखम धुवा, हे छापायला दोन ओळी पुरल्या असत्या.

नाव-पत्ता सोबत दिला आहे, पण छापू नये. रविवारी सोसायटीची मीटिंग आहे आणि विषयपत्रिकेवर ठकी आहे.

आपली,
एक (अजूनही) नियमित वाचक