मोरीत ओतलेलं पाणी

ऐरोली, रविवार रात्र

प्रिय बंड्या,

सहा महिने पत्र नाही, फोन नाही. शिव्या घाल, पण आधी वाच. माझी शुगर आटोक्यात आहे.

सर्किट बोर्ड निघाला! पाव मिलिमीटरचे ट्रॅक, म्हणजे तांब्याच्या रेषा, एकही तुटला नाही. छापलेल्या कागदावरचा टोनर इस्त्रीने तांब्यावर चिकटवताना तू म्हणायचास इस्त्री तापली नाही, मी म्हणायचो तू कागद घाईने सोलतोस. त्या भांडणातून इस्त्रीच बाद झाली. आता तांब्यावर प्रकाशाने कडक होणारी ड्राय फिल्म, वर निगेटिव्ह, वर काच, आणि पोरीचा नेलपॉलिश सुकवायचा यूव्ही दिवा. आधी एका तुकड्यावर पुठ्ठा दर 15 सेकंदांनी सरकवत गेलो, 75 सेकंदांची पट्टी सगळ्यात स्वच्छ आली. मग लिटरभर पाण्यात 10 ग्रॅम धुण्याचा सोडा. प्रकाश न लागलेली फिल्म विरघळत गेली, निळे ट्रॅक तेवढे उरले, आणि मी घरात एकटाच "बंड्याऽ" म्हणून ओरडलो.

पण लिहायला बसलो ते बोर्डावरचं उघडं तांबं खाणाऱ्या फेरिक क्लोराइडपायी. ठाण्याच्या खोलीत मी ते वापरून झालेलं मोरीत ओतत होतो आणि तू हात धरलास, आठवतं? मी म्हटलं, लोखंडाचं तर पाणी. तू म्हणालास, लोखंड आपण आणलं, बोर्डावरचं तांबं कुठे गेलं? चार दिवस बोलला नाहीस. मग मी शब्द दिला. बंड्या, तो मी पाळला नाही. शनिवारी तू गावी गेलास की मी ओतायचो. वर्षभर.

आज हिशेब मांडला. 10 बाय 15 सेंटिमीटरचा बोर्ड, 35 मायक्रॉन जाडी, म्हणजे पावणेपाच ग्रॅमच्या आसपास तांबं. त्यातलं निम्मं गेलं धर. असे वीसेक बोर्ड. पंचेचाळीस ग्रॅमच्या वर तांबं मी गटारात सोडलं, आणि तांबं माशांना विष. इथून खाडी जवळ. फ्लेमिंगो येतात ते तिथल्या चिखलातच चोच घालून खातात. 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला, तेव्हा सगळ्यांना फोन करून सांगितलं. तुला सोडून.

ओट्याखाली आता वापरलेल्या फेरिक क्लोराइडच्या दोन बाटल्या आहेत. थोडंसं काढून बादलीत सोडा घालून पाहिलं. भसाभस फेसाळलं, गाळ बसला, वरचं पाणी नितळ झालं. तरी ओतायला हात धजत नाही. आणि गाळाचं काय? तळोज्याला धोकादायक कचऱ्याची सोय आहे, पण माझ्या दोन बाटल्या तिथे कोण घेणार? तुमच्या कारखान्याचा कचरा न्यायला गाडी येते ना? त्यांना विचार. घेत असतील तर झाकणं घट्ट लावून मीच आणून देतो.

काकूंचा मोतीबिंदू उरकला का? धाकटीची दहावी? बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार.

रागावला असशील तर रागावून लिही, पण लिही. बोर्ड तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवलाय, वार्निश लावलेलं नाही. ट्रॅक तू स्वतः भिंगातून बघ, मग लावू.

तुझाच,
दादू