सोलापूरच्या साखर पेठेतल्या काकांना, सहा कांड्यांबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचा मागांचा कारखाना आता तिथं नाही आणि तुमचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून हे असं उघड पत्र लिहिते आहे.

नववीत होते मी. सरांशी वाद घालून, दप्तरासकट थेट तुमच्याकडे आले होते. सरांनी वर्गात कोडं घातलं होतं. तीन पेट्या, प्रत्येकीत दोन नाणी. एकीत दोन्ही सोन्याची, एकीत दोन्ही चांदीची, एकीत एकेक. न बघता पेटी निवडली, न बघता त्यातलं एक नाणं काढलं, ते सोन्याचं निघालं. त्याच पेटीतलं दुसरंही सोन्याचं असण्याची शक्यता किती? मी म्हटलं, निम्मी. चांदीची पेटी बाद झाली, उरल्या दोन. सर म्हणाले, दोन तृतीयांश. का, ते सांगितलं नाही. मी परत परत विचारत राहिले तेव्हा चिडले आणि मला खाली बसवलं. ते मला फार लागलं होतं.

लाइट गेली होती, माग बंद होते, म्हणून तुम्हाला सवड होती. मोठ्यांशी वाद घालू नये, असं म्हणून तुम्ही मला घरी पाठवलं नाहीत. सूत गुंडाळलेल्या तीन लाल, तीन पांढऱ्या कांड्या घेतल्यात, तीन पिशव्यांत कोड्यातल्यासारख्या घातल्यात आणि म्हणालात, "काढ." ओकटी, रेंडू, मूडू असं तेलुगूत तुम्ही मोजत होतात, मी खडूनं भिंतीवर रेघा मारत होते. 60 वेळा काढलं. 31 वेळा लाल आली, त्यातल्या 21 वेळा जोडीची कांडीही लालच. मला रडू फुटलं. तुम्ही म्हणालात, "पिशव्या मोजू नको गं, कांड्या मोज." लाल कांड्या तीन. हाती आलेली त्यातली कुठलीही असेल, आणि तिघींतल्या दोघींची जोडीदार लाल आहे.

तुम्ही तिथं थांबला नाहीत, याचे आभार मला सगळ्यात जास्त मानायचेत. तुम्ही एका पिशवीत डोकावलात आणि म्हणालात, "यात निदान एक तरी लाल आहे. आता सांग." आता मात्र निम्मीच! कांडी काढलीच नव्हती, म्हणून आता पिशव्याच मोजायच्या, आणि त्या उरल्या दोन. माझं उत्तर या प्रश्नाचं होतं. सरांनी हा प्रश्न विचारलाच नव्हता.

कॉलेजात कळलं, की हे कोडं जोसेफ बर्ट्रांड या फ्रेंच गणितज्ञाच्या 1889 सालच्या पुस्तकातलं आहे. माझ्यासाठी ते कांड्यांचंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं, तुमचं उत्तर बरोबर आहे, आणि हा दुसरा प्रश्नही विचारला. सर बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी दोन्ही प्रश्न फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले आणि तो सबंध तास त्यावरच घेतला. हे सांगायला मी धावत आले, तर लाइट होती, सगळे माग चालू होते. त्या खडखडाटात तुम्हाला काही ऐकू येईना. तुम्ही हातानंच खूण केलीत, नंतर सांग.

तेच आज सांगितलं, काका.

तुमच्या गल्लीतली