दक्षिणेच्या गॅलरीतली बाग

सांगली,
२१ सप्टेंबर

तीर्थरूप आई-बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही फोनवर वाचून दाखवलेली झाडांची यादी मी उतरवून घेतली आहे. गुलाब, मोगरा, टोमॅटो, लिंबू, कढीपत्ता आणि आईच्या देवपूजेसाठी जास्वंद, ही यादी वाईच्या परसाला शोभेल अशी आहे. आता मात्र बाग करायची आहे ती पुण्यातल्या चौथ्या मजल्यावरच्या दक्षिणेकडील गॅलरीत, म्हणून रोपवाटिकेत जाण्याआधी तुम्ही दोघांनी हे पत्र सावकाश वाचावे, अशी माझी इच्छा आहे. परसातल्या झाडाची मुळे ओलाव्याच्या शोधात खोल जातात, पाणी जास्त झाले तर जमीन ते जिरवते आणि खाली पडलेला पाला तिथेच कुजून खत होतो. कुंडीतल्या झाडाला यांतले काहीच मिळत नाही. पाणी, अन्न आणि मुळांना लागणारी हवासुद्धा आपण देऊ तेवढीच त्याच्या वाट्याला येते, आणि ही एक गोष्ट मनात पक्की असली की बाकीचे नियम पाठ न करताही सुचत जातात.

सुरुवात उन्हापासून करावी. जूनमध्ये तुम्ही या घरात राहायला आलात तेव्हा गॅलरीत दिवसभर सावली होती आणि ‘इथे काय उगवणार’ असे आई म्हणाली होती. ते त्या महिन्यापुरते खरेच होते. पुणे साधारण १८.५ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे त्या काळात दक्षिणेच्या गॅलरीवर वरच्या मजल्याच्या स्लॅबची सावली राहते. आता विषुवदिन आला आहे. इथून पुढे सूर्य रोज थोडा थोडा दक्षिणेकडे सरकेल आणि डिसेंबरच्या उत्तरार्धात तो माध्यान्हीलाही क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर असेल, म्हणजे ऊन कठड्यावरून तिरपे होऊन चांगले आतपर्यंत येईल. तुमच्या गॅलरीचा खरा हंगाम हिवाळा आहे, आणि पालेभाज्यांनाही नेमका तोच मानवतो, हे मोठे भाग्य म्हणायचे.

बाबा, एक काम तुमच्याकडे सोपवते. एखाद्या स्वच्छ उन्हाच्या दिवशी सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत दर तासाला गॅलरीच्या फरशीवर ऊन कुठवर आले आहे तिथे खडूने रेघ ओढावी आणि शेजारी वेळ लिहावी. दिवसाअखेरीस फरशीवर बागेचा नकाशाच तयार होईल. जिथे पाच-सहा तास ऊन मिळते तिथे मिरची आणि टोमॅटो, जिथे तीन-चार तास मिळते तिथे मेथी, पालक, पुदिना, आणि त्याहून कमी असेल तिथे मनीप्लांटसारखी पानांची झाडे ठेवावीत. फळ धरणाऱ्या झाडाला ऊन कमी पडले तर ते उंच वाढते, हिरवेगार दिसते आणि फळ मात्र धरत नाही. त्यावर कोणतेही खत उपयोगी पडत नाही.

कुंड्यांच्या बाबतीत मला तुमच्या पाठीची आणि आईच्या गुडघ्यांची काळजी अधिक आहे. बारा इंची कुंडी नुसत्या मातीने भरून पाणी घातले की तिचे वजन २५ किलोच्या आसपास जाते, त्यामुळे भरलेली कुंडी उचलण्याचा विचारही करू नये. ती जिथे ठेवायची तिथे रिकामी ठेवावी आणि मगच भरावी. मी कमरेच्या उंचीचा लोखंडी स्टँड करून घेत आहे, म्हणजे आईला खाली वाकावे किंवा उकिडवे बसावे लागणार नाही. कठड्यावर एकही कुंडी ठेवू नये, कारण वळवाच्या वाऱ्यात ती खाली गेली तर काय होईल याची कल्पनाही करवत नाही. पालेभाज्यांना सहा ते आठ इंच खोलीचे पसरट ट्रे पुरतात, मिरचीला दहा-बारा इंचांची कुंडी लागते, तर कढीपत्त्याला पुढेमागे चौदा-सोळा इंचांची द्यावी लागेल. प्रत्येक कुंडीच्या तळाला भोके हवीतच, आणि माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर खापरीचा तुकडा पालथा ठेवावा.

वाईच्या शेतातली काळी माती पोत्यात भरून आणण्याचा तुमचा बेत मला ठाऊक आहे, आणि त्यामागची ओढही मला समजते. ती माती शेतात सोन्यासारखी असली तरी कुंडीत त्रास देते. ओली असताना ती फुगून चिकट होते आणि मुळांना हवा मिळू देत नाही. वाळली की आक्रसते, भेगाळते, कुंडीच्या कडेपासून सुटते आणि मग घातलेले पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जाते. म्हणून लाल माती, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) हे तिन्ही समान भागांत घेऊन, त्यात कुंडीमागे एक मूठ निंबोळी पेंड मिसळावी. कोकोपीटची वीट आधी पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून पुन्हा एकदा धुऊन घ्यावी, कारण नारळाच्या काथ्यात क्षार असतात. मिश्रण जमले की नाही हे हातालाच कळते: ओलसर मिश्रणाची मूठ वळावी, मूठ उघडल्यावर गोळा टिकावा आणि बोटाने टोचताच तो सुटून पडावा. गोळा टिकतच नसेल तर त्यात माती-खत कमी आहे. टोचूनही फुटत नसेल तर कोकोपीट वाढवावे.

पाण्याविषयी मी थोडे विस्ताराने लिहिते, कारण नवशिक्यांची बहुतेक झाडे तहानेने मरत नाहीत, ती अतिपाण्याने मरतात. आई, तुझा स्वभाव मायेचा आहे आणि पान जरा मलूल दिसले की तुझा हात तांब्याकडे जाणार, हे मी जाणून आहे. पाणी घालण्याआधी तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालून पाहावी. बोटाला ओल लागली आणि माती चिकटून आली तर त्या दिवशी पाणी घालू नये. बोट कोरडे बाहेर आले तर तळाच्या भोकातून थेंब पडू लागेपर्यंत सावकाश, झारीने पाणी द्यावे. रोज वरवर अर्धा पेला पाणी शिंपडल्याने मुळे वरच राहतात आणि झाड दुबळे होते. मुळांभोवती सतत पाणी साचले तर त्यांना हवा मिळत नाही, ती कुजतात, मग खालची पाने पिवळी पडतात आणि माती ओली असूनही झाड माना टाकते. ते लक्षण तहानेसारखेच दिसत असल्याने माणसे आणखी पाणी घालतात, आणि तिथेच झाड हातचे जाते. थंडीत एक-दोन दिवसांआड पाणी पुरेल, मे महिन्यात रोज लागेल आणि लहान कुंड्यांना दोन वेळाही द्यावे लागेल. पण वेळापत्रकापेक्षा बोटावर विश्वास ठेवावा. कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणी आठवड्यातून दोनदा ओतून द्यावे, कारण डेंग्यू पसरवणारा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात.

आता काय लावायचे ते सांगते. पहिल्या हंगामात मेथी, कोथिंबीर, पुदिना, दोन मिरच्या, एक कढीपत्ता आणि तुळस, एवढेच पुरे. मेथीपासून आरंभ करावा, कारण ती माणसाला लवकर धीर देते. स्वयंपाकघरातल्या डब्यातली मेथी रात्रभर भिजवावी, सकाळी ट्रेमध्ये बोटभर अंतरावर पसरून वरून अर्धा सेंटिमीटर मिश्रण भुरभुरावे आणि ओल टिकवावी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मातीचा पापुद्रा जागोजागी उचललेला दिसतो, त्याखाली फिकट देठाचा वाकलेला आकडा असतो आणि तो सरळ होताना दोन जाडसर दले उघडतात. बीचे पिवळे टरफल कधी कधी त्या दलांच्या टोकाला टोपीसारखे अडकून राहते. ते ओढून काढू नये, आपोआप गळते. पंचवीस-तीस दिवसांत भाजी काढता येते. कोथिंबिरीला अधिक धीर लागतो. अख्ख्या धण्यात दोन बिया असतात, म्हणून धणे लाटण्याने हलकेच रगडून दोन फाका कराव्यात आणि मग पेरावेत. उगवायला आठ ते पंधरा दिवस लागतात. दोन्ही ट्रे एकदम न पेरता पंधरा दिवसांच्या अंतराने पेरावेत, म्हणजे एक संपता संपता दुसरा तयार होतो. पुदिन्यासाठी बी आणायची गरज नाही. मंडईतल्या जुडीतल्या चार जाड काड्यांची खालची पाने काढून त्या ओल्या मातीत खोचल्या की थोड्याच दिवसांत मुळे धरतात. मिरचीची मात्र तयार रोपे आणावीत. तुळशीच्या मंजिऱ्या खुडत राहाव्यात, नाहीतर बी धरून झाड लवकर म्हातारे होते.

गुलाब आणि मोगरा यंदा थांबू द्यावेत. जानेवारीत एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरते. तिथे आपण सगळे मिळून जाऊ आणि तुमच्या हाताला पाण्याचा अंदाज आलेला असेल, तेव्हा गुलाब निवडू. लिंबाला मोठा ड्रम आणि भरपूर ऊन लागते, त्यामुळे त्याचा मोह सोडलेला बरा.

खताविषयी बाबांना विशेष रस वाटेल. कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोलकरांनी ‘प्रयोग परिवार’ या शेतकऱ्यांच्या चळवळीतून लोकांना आवर्जून सांगितले की झाड आपले अन्न उन्हाच्या जोरावर पानांत तयार करते आणि मातीतून फार थोडे घेते. वाळलेला पाला जाळल्यावर उरणारी चिमूटभर राख, जवळपास एवढाच काय तो मातीचा वाटा. म्हणून पंधरा-वीस दिवसांनी कुंडीमागे मूठभर गांडूळखत पुरे होते आणि बाजारातल्या बाटल्यांची गरज पडत नाही. घरच्या घरी खत करायचे असेल तर भोके पाडलेली एक झाकणाची बादली घ्यावी, तळाशी सुका पाला पसरावा, त्यावर भाजीची देठे आणि साली बारीक करून टाकाव्यात आणि प्रत्येक थरावर दुप्पट-तिप्पट सुका पाला घालावा. विरजण म्हणून अधूनमधून आंबट ताक शिंपडावे. दुर्गंधी येऊ लागली तर ओल जास्त झाली असे समजून सुका पाला वाढवावा आणि खालीवर करावे. दोन-तीन महिन्यांत काळपट, भुसभुशीत आणि पहिल्या पावसाच्या वासाचे खत तयार होते. शिजलेले अन्न आणि तेलकट पदार्थ त्यात घालू नयेत. तुमच्या आवारातल्या पर्जन्यवृक्षाची बारीक पाने फार लवकर कुजतात. झाडणाऱ्या मावशी ती गोळा करून जाळतात, त्यांच्याकडून दोन पोती मागून घ्यावीत.

कीड येईल, तिला घाबरू नये. मिरचीच्या शेंड्यावर मावा किंवा जास्वंदीच्या देठावर कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढावा. तरी राहिला तर एक लिटर कोमट पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि साबणाच्या पाण्याचे काही थेंब घालून, संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारावे आणि आठ दिवसांनी पुन्हा करावे.

बाबा, तुम्हाला मधुमेह आहे, म्हणून एका गोष्टीचा मी आग्रहच धरते. मातीत हात घालताना हातमोजे आणि पायात चप्पल असलीच पाहिजे, आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनला किती वर्षे झाली हे तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्यावे. आमची छोटी सुट्टीत तुमच्याकडे राहायला येते आणि दिसेल ते तोंडात घालते, तेव्हा कण्हेर आणि डायफेनबेकिया ही विषारी झाडे कोणी भेट दिली तरी घरात ठेवू नयेत.

दसऱ्याला आम्ही तिघे येतो आहोत. स्टँड, चार ट्रे, दोन कुंड्या, लाल माती आणि कोकोपीट मी गाडीतून घेऊन येते. गांडूळखत पुण्यातच घेऊ, कारण ते ताजे आणि ओलसर मिळालेले बरे. माती कालवणे आणि कुंड्या भरणे हे अंगमेहनतीचे काम आम्ही दोघे करून जाऊ, पेरणी मात्र आईच्या हातूनच व्हावी. खडूच्या रेघा पुसल्या जाण्याआधी त्यांचा फोटो काढून पाठवावा, म्हणजे स्टँडची लांबी किती ठेवायची ते मला इथल्या फॅब्रिकेटरला सांगता येईल.

आपली,
माधवी